पंडिता रमाबाई आणि धर्मांतराची किंमत

एप्रिल हा आमच्या चळवळीचा महिना. ११ तारखेला जोतीराव फुले, १४ तारखेला बाबासाहेब. वर्गणी, मंडप, मिरवणुकीची परवानगी, पोलीस ठाण्याच्या फेऱ्या यांत आमचा कार्यकर्ता इतका गुंतलेला असतो, की याच महिन्यातील आणखी दोन तारखा कोणाच्या ध्यानी येत नाहीत. २३ एप्रिल १८५८ रोजी पंडिता रमाबाई जन्मल्या आणि ५ एप्रिल १९२२ रोजी केडगावी त्यांचे निधन झाले. रमाबाई म्हटले की आमच्या माणसाला माता रमाई आठवते, ते साहजिकच आहे. पुस्तके चाळणाऱ्यांना फार तर न्यायमूर्ती रानड्यांच्या पत्नी आठवतात. या तिसऱ्या रमाबाईंना ब्राह्मणी इतिहासाने अडगळीत टाकले, कारण त्या ख्रिस्ती झाल्या. आणि बहुजन चळवळीने त्यांना फारसे जवळ केले नाही, कारण त्या जन्माने ब्राह्मण होत्या. वास्तविक पाहता त्यांच्या बाजूने महाराष्ट्रात जे पहिले खणखणीत लिखाण झाले ते खुद्द जोतीरावांनी केले होते. जोतीरावांनी ज्या बाईची वकिली केली ती बाई कोण होती, हे जोतीरावांच्या लेकरांनी जाणून घ्यायला नको काय?

पन्हाळ्यात त्याग हा शब्द कोणाला समजावून सांगावा लागत नाही. १६६० साली शिवरायांचा वेश घेऊन शत्रूच्या हाती गेलेला शिवा काशीद हा नाभिक समाजाचा वीर गडाच्या पायथ्याशी विसावला आहे. त्याने आयुष्याची किंमत एका रात्रीत मोजली. रमाबाईंनी ती एकोणचाळीस वर्षे हप्त्याहप्त्याने मोजली. १८८३ साली त्यांनी बाप्तिस्मा घेतला तेव्हापासून मरेपर्यंत एक वर्ष असे गेले नाही, की त्या निर्णयाचे काही ना काही देणे त्यांना द्यावे लागले नाही. धर्म बदलणे ही एका दिवसाची गोष्ट असते. बदललेल्या धर्माप्रमाणे जगणे हे जन्माचे काम असते. चौदा ऑक्टोबरला पांढरे कपडे घालणाऱ्या आणि दुसऱ्या दिवशी घरात जुने देव पुजणाऱ्या आमच्यातील काही बांधवांना हे वाक्य लागेल, लागू द्या.

रमाबाईंचे वडील अनंतशास्त्री डोंगरे हे विद्वान परंतु विक्षिप्त गृहस्थ. विक्षिप्त एवढ्याचसाठी, की त्यांनी आपल्या बायकोला संस्कृत शिकवले. त्या अपराधासाठी त्यांना धर्मपंडितांपुढे उभे राहून शास्त्राधाराने खुलासा करावा लागला. पुढे ते सह्याद्रीतल्या गंगामूळच्या जंगलात जाऊन राहिले आणि तेथे रमाबाईंचा जन्म झाला. आई लक्ष्मीबाईंनी या मुलीला भल्या पहाटे संस्कृत पाठ दिले. नंतर सगळे कुटुंब पुराणे सांगत देशभर पायी फिरू लागले. दान मिळे ते ब्राह्मणभोजनात आणि तीर्थयात्रेत जाई. १८७४ च्या सुमारास दक्षिणेत दुष्काळ पडला तेव्हा ज्या देवांपुढे आयुष्य आणि पैसा ओतला होता त्यांपैकी एकही धावून आला नाही. उपासमारीने वडील गेले, थोड्याच अवधीत आई गेली, मग मोठी बहीणही गेली. आईच्या प्रेताला खांदा द्यायला माणसे जमेनात. रमाबाई उंचीने ठेंगण्या, म्हणून त्यांनी तिरडीचे टोक खांद्याऐवजी डोक्यावर घेतले. मेलेल्याला उचलायला चार माणसे न मिळणे म्हणजे काय, हे गावकुसाबाहेर जन्मलेल्यांना सांगायला नको. उच्च जातीच्या या मुलीने ते सोळाव्या वर्षी पाहिले.

भाऊ श्रीनिवास आणि रमाबाई असे दोघे हजारो मैल चालत १८७८ साली कलकत्त्याला पोचले. वीस वर्षांची मुलगी अस्खलित संस्कृतात बोलते हे पाहून तिथले पंडित थक्क झाले आणि त्यांनी तिला पंडिता व सरस्वती या पदव्या दिल्या. ब्राह्मो समाजाचे केशवचंद्र सेन यांनी तिच्या हाती वेदाची प्रत दिली. तोवर स्त्रियांना व शूद्रांना वेदाधिकार नाही म्हणून तिने वेद उघडलाच नव्हता. धर्मशास्त्रेही तिने याच काळात नीट वाचली, आणि तिला असे दिसून आले, की ही सगळी शास्त्रे एकमेकांशी हजार बाबतीत भांडत असली तरी एका बाबतीत त्यांचे एकमत आहे. स्त्री, मग ती कोणत्याही जातीची असो, आणि शूद्र, यांना मोक्ष नाही. तिची बंडखोरी येथून सुरू झाली. बायबलाशी अद्याप तिची नीट ओळखही झाली नव्हती. धर्मांतर हे परक्या मिशनऱ्यांच्या आमिषाने होते असे म्हणणारांनी हा क्रम ध्यानात घ्यावा. घर आतून आधी पडते, माणूस बाहेर नंतर पडतो.

१८८० साली भाऊ डाक्क्याला वारला. त्यानंतर त्याच वर्षी बिपिनबिहारी मेधवी या बंगाली वकिलाशी रमाबाईंनी बांकीपूर येथे विवाह केला. बिपिनबाबू शूद्र गणल्या जाणाऱ्या जातीचे. विवाह झाला तो १८७२ च्या तिसऱ्या अधिनियमाखाली, म्हणजे नोंदणी पद्धतीने. वकिली करणाऱ्या आमच्यासारख्याला या कायद्याचे एक कलम फार बोलके वाटते. त्याखाली लग्न करायचे तर वर आणि वधू दोघांनी आपण हिंदू, ख्रिस्ती, मुसलमान, पारशी, बौद्ध इत्यादी कोणत्याही धर्माचे नाही असे लिहून द्यावे लागे. म्हणजे बाप्तिस्म्याच्या तीन वर्षे आधी रमाबाईंनी सरकारी कागदावर सही करून हिंदू धर्म सोडला होता. आणि मनूचे म्हणाल तर त्याच्या हिशेबाने ब्राह्मण स्त्रीला शूद्र पुरुषापासून झालेले अपत्य चांडाळ ठरते. १६ एप्रिल १८८१ रोजी या दांपत्याला मनोरमा ही मुलगी झाली. ज्या पुस्तकाला बाबासाहेबांनी २५ डिसेंबर १९२७ रोजी महाडात अग्नी दिला, त्या पुस्तकाने या पंडितेच्या मुलीला आमच्याच ओळीत आणून बसवले होते!

संसार दीड वर्षाचा. ४ फेब्रुवारी १८८२ रोजी सिल्चर येथे बिपिनबाबू पटकीने गेले. चोविसाव्या वर्षाच्या आत आई, बाप, बहीण, भाऊ आणि नवरा गमावलेली ही विधवा तान्ह्या मुलीला घेऊन पुण्यात आली. तिने केशवपन केले नाही, कोपऱ्यात बसली नाही. आर्य महिला समाज काढला, गावोगाव व्याख्याने दिली, त्याच साली हंटर आयोगापुढे साक्ष दिली आणि स्त्रियांसाठी स्त्री डॉक्टर व स्त्री शिक्षक हवेत अशी मागणी केली. त्याच वर्षी ताराबाई शिंदे यांचा 'स्त्रीपुरुषतुलना' हा ग्रंथ निघाला आणि त्याच हंटर आयोगापुढे जोतीरावांनी शूद्रातिशूद्रांच्या शिक्षणाचे निवेदन दिले. पुण्याच्या सुधारकांना पंडिता फार आवडली. हिंदू धर्माच्या चौकटीत राहून प्राचीन भारतीय विदुषीचा जिवंत नमुना म्हणून मिरवायला अशी बाई त्यांना हवीच होती. चौकटीतल्या बंडखोराचे कौतुक करायला कोणाचे काही जात नाही.

वैद्यकी शिकण्यासाठी १८८३ साली रमाबाई मनोरमेला घेऊन इंग्लंडला गेल्या. वँटेज येथील सेंट मेरी मठाच्या भगिनींनी त्यांना आसरा दिला. सोबत आनंदीबाई भगत नावाची मैत्रीण होती. परक्या देशात आपल्याला जबरीने बाटवतील या भीतीने तिचे मन ढळले आणि तिने विष घेऊन जीव दिला. हा घाव ताजा असतानाच, २९ सप्टेंबर १८८३ रोजी, रमाबाईंनी स्वतःचा व मुलीचा बाप्तिस्मा करून घेतला. कशाने त्यांचे मन वळले? मठाच्या भगिनींनी लंडनमध्ये समाजाने टाकलेल्या, वेश्या म्हणून हिणवलेल्या बायकांसाठी चालवलेले घर त्यांनी पाहिले. पतित मानलेल्या बाईला परत माणूस म्हणून उभे करणारा धर्म असू शकतो, हे त्यांना मनूच्या देशात दिसले नव्हते. नीळकंठशास्त्री गोऱ्हे या आधी ख्रिस्ती झालेल्या ब्राह्मण विद्वानाच्या पत्रांनीही आपले काम केले होते.

बातमी महाराष्ट्रात पोचताच कालपर्यंतची सरस्वती एका रात्रीत विश्वासघातकी ठरली. सनातनी चिडले हे समजण्यासारखे आहे. परंतु ब्राह्मो आणि प्रार्थना समाजाचे सुधारकही चिडले. यावेळी, १८८५ साली, जोतीरावांनी 'सत्सार' ही पुस्तिका काढून रमाबाईंची बाजू घेतली. शास्त्रे वाचलेल्या एका ब्राह्मण बाईलाच जर त्या शास्त्रांत स्त्रियांवरचा अन्याय दिसला आणि तिने तो धर्म सोडला, तर दोष तिचा की शास्त्रांचा, हा जोतीरावांचा मुद्दा होता. जोतीराव स्वतः ख्रिस्ती झाले नाहीत. त्यांनी सत्यशोधकाची वेगळी वाट काढली. तरीही धर्म सोडण्याचा दुसऱ्याचा हक्क त्यांनी आपला मानला. आम्हाला ही गोष्ट फार मोठी वाटते. त्या वेळी रमाबाई इंग्लंडात होत्या. जोतीरावांना त्यांच्याकडून घेण्यासारखे काहीही नव्हते.

येथे एका गैरसमजाचा निकाल लावला पाहिजे. रमाबाईंनी ब्राह्मणांचे जू फेकले आणि गोऱ्या पाद्र्यांचे जू मानेवर घेतले असे म्हणणारे पुष्कळ आहेत. ते धादांत खोटे आहे. चर्चच्या प्रत्येक सिद्धांताला त्यांनी प्रश्न विचारले. त्रैक्याचा सिद्धांत त्यांनी बराच काळ मान्य केला नाही. त्यांनी मांसाहार घेतला नाही. क्रूसावरचा मजकूर लॅटिनमध्ये कशासाठी, असाही वाद घातला. चेल्टनहॅमच्या महिला कॉलेजात त्या संस्कृत शिकवीत असत. तेथे पुरुषांना शिकवण्याचा प्रश्न निघाला तेव्हा हिंदुस्थानातल्या बिशपांनी हरकत घेतली. पुरुषांना शिकवले तर स्वदेशी परतल्यावर बाईची प्रतिष्ठा राहणार नाही, असे त्यांचे म्हणणे. रमाबाईंनी त्यांना सुनावले, की एका पुरोहितशाहीतून मी महत्प्रयासाने सुटले आहे ती दुसऱ्या पुरोहितशाहीच्या स्वाधीन होण्यासाठी नव्हे. ज्या मठाच्या अन्नावर त्या आणि त्यांची मुलगी जगत होती त्याच मठाशी त्या भांडत होत्या. म्हणजे स्वजन गेलेच होते, आता आश्रयदातेही दुखावले. धर्म खरा मानणाऱ्या माणसाचे त्या धर्माच्या ठेकेदारांशी पटत नाही, हे आम्ही अन्यत्रही पाहिले आहे.

१८८६ साली त्या अमेरिकेस गेल्या, आनंदीबाई जोशी यांच्या पदवीदान समारंभासाठी. आमच्या कोल्हापूरचा येथे थोडा संबंध येतो. आनंदीबाईंना कोल्हापूर संस्थानने आल्बर्ट एडवर्ड रुग्णालयातील स्त्री विभागाच्या प्रमुख डॉक्टर म्हणून नेमले होते. परंतु कामावर रुजू होण्यापूर्वीच फेब्रुवारी १८८७ मध्ये क्षयाने त्या गेल्या. आनंदीबाई हिंदूच राहिल्या आणि महाराष्ट्राने त्यांच्यासाठी आजवर अश्रू ढाळले. रमाबाई ख्रिस्ती झाल्या, जगल्या, हजारोंना जगवले, त्यांच्यासाठी अश्रू सोडाच, दोन ओळी मिळायची पंचाईत. १८८७ साली त्यांनी इंग्रजीत उच्चवर्णीय हिंदू स्त्रीच्या स्थितीवर पुस्तक लिहिले. त्यामुळे बॉस्टनमध्ये रमाबाई असोसिएशन स्थापन झाली आणि दहा वर्षे मदत देण्याचे ठरले. त्या बळावर ११ मार्च १८८९ रोजी मुंबईत चौपाटीजवळ शारदा सदन सुरू झाले. पुढे ते पुण्याला नेले.

शारदा सदनाची अट अशी, की तेथे कोणत्याही धर्माची शिकवण सक्तीने द्यायची नाही. विधवा मुलींना आपापले सोवळे-ओवळे पाळण्याची मुभा होती. रमाबाईंनी ती अट पाळली. पण स्वतःचा धर्म लपवला नाही. त्या आपल्या खोलीत मुलीसह प्रार्थना करीत आणि दार उघडे ठेवीत. काही मुली येऊन बसू लागल्या. एवढ्यावरून 'केसरी'ने रान उठवले. १८९३ साली रानडे आणि भांडारकर यांच्यासह सल्लागार मंडळाने राजीनामे दिले आणि पालकांनी सुमारे पंचवीस मुली काढून नेल्या. वकील म्हणून आम्ही या प्रकरणाकडे पाहतो तेव्हा आरोपपत्रात मुद्दा एकच उरतो : तिने दार लावून घेतले नाही. बॉस्टनच्या मंडळाने चौकशी केली आणि बाईंवरचा विश्वास कायम ठेवला. काढून नेलेल्या त्या मुलींचे पुढे काय झाले असेल? परत तोच न्हावी, तेच आलवण आणि तीच अंधारी खोली. रान उठवणारांनी त्यांपैकी एकीसाठीही दुसरे घर तयार ठेवले नव्हते. रमाबाईंची पहिली विद्यार्थिनी गोदूबाई हिने १८९३ मध्ये धोंडो केशव कर्वे यांच्याशी पुनर्विवाह केला आणि कर्व्यांनी १८९६ साली आपला विधवाश्रम काढला. कर्व्यांचा मान आहेच. पण ज्या शाळेच्या पायावर ही इमारत उभी राहिली तिच्या बाईचे नाव दारावर नाही.

१८९६-९७ च्या दुष्काळात मध्य प्रांतात माणसे किड्यामुंग्यांसारखी मरू लागली. स्वतः दुष्काळातून वाचलेल्या रमाबाई तिकडे धावल्या आणि शेकडो मुली घेऊन आल्या. पुण्यात प्लेग होता, शहरात ठेवण्यास बंदी होती, म्हणून पुणे-सोलापूर रेल्वेमार्गावरील केडगावच्या आपल्या शेतात त्यांनी झोपड्या उभारल्या. तेच मुक्ती सदन. १९०० च्या गुजरातेतील दुष्काळानंतर तेथील संख्या दोन हजारांच्या जवळपास गेली. विणकाम, तेलघाणा, गोठा, शेती, छापखाना सगळे बायकांच्या हाती. फसवलेल्या बायकांसाठी कृपा सदन निघाले. आंधळ्या मुलींसाठी मनोरमाबाई ब्रेल शिकून आल्या. प्लेगच्या काळात पुण्याच्या सरकारी इस्पितळात बायकांची जी अवहेलना झाली तिच्याविरुद्ध रमाबाईंनी 'बॉम्बे गार्डियन' पत्रात लिहिले. सरकारला ते झोंबले. ख्रिस्ती बाई म्हणजे इंग्रजांची हस्तक, हे समीकरण मांडणारांनी हाही कागद वाचावा.

आता आमची टीका. रमाबाईंच्या सुरुवातीच्या कामात आमच्या आया-बहिणी कोठे होत्या? पुस्तकाच्या नावातच उच्चवर्णीय स्त्री आहे, शारदा सदनही प्रामुख्याने ब्राह्मण विधवांचे होते. दुष्काळाने जे केले ते सिद्धांताने केले नव्हते. केडगावात मात्र सर्व जातींच्या मुली एका छपराखाली आल्या आणि तिथून पुढच्या रमाबाई आम्हाला अधिक जवळच्या वाटतात. दुसरी गोष्ट अशी, की भुकेने मरणाऱ्या पोरीला उचलून आणल्यावर तिने आईसारख्या त्या बाईचा धर्म स्वीकारला, तर तो निर्णय कितपत तिचा म्हणायचा? रमाबाईंनी सक्ती केली नाही हे आम्ही मान्य करतो, तरी हा प्रश्न राहतो. बाबासाहेबांनी १९३६ साली दादरच्या परिषदेत 'मुक्ती कोन पथे' असा सवाल समाजापुढे ठेवला आणि त्यानंतर वीस वर्षे समाजाला विचार करायला दिली. नागपूरला १९५६ साली भाकरीचा तुकडाही कोणी देऊ केला नव्हता. उलट हातातला तुकडा जाणार हे सर्वांना ठाऊक होते. ख्रिस्ती धर्माकडे बाबासाहेब का वळले नाहीत, हे त्यांच्या इंग्रजी लेखनाच्या पाचव्या खंडातील धर्मांतरितांच्या स्थितीवरील प्रकरणांत सापडते. चर्चमध्येही जात शिरली, मंदिरातली दोरी देवळाबाहेर येऊन चर्चमध्ये बांधली गेली, हे त्यांनी पुराव्यानिशी दाखवले आहे.

हे सारे दूरचे नाही. एकोणिसाव्या शतकात अमेरिकन प्रेस्बिटेरियन मिशनने कोल्हापुरानंतर पन्हाळ्यावरही ठाणे केले होते. आमच्याच पन्हाळा तालुक्यात कोडोलीला मिशनचा दवाखाना झाला, चर्च झाले. तेथे जी कुटुंबे ख्रिस्ती झाली त्यांत डोंगरेशास्त्र्यांच्या घरातली कोणी नव्हती. ती आमच्याच पूर्वाश्रमीच्या अस्पृश्य वाड्यांतली होती. आडनावे आमची, आजे-पणजे आमचे. रमाबाईंचे नाव निदान इतिहासात लागले, १९८९ साली टपाल तिकीट तरी निघाले. या माणसांची किंमत कोणी मोजलीच नाही. १८५० च्या कायद्याने धर्म बदलणाऱ्याचा वारसाहक्क शाबूत ठेवला खरा. परंतु ज्याला वारशात मेलेली जनावरे ओढण्याचे काम मिळाले होते त्याला या कायद्याचा काय उपयोग? आणि स्वतंत्र भारताने काय केले? १९५० च्या राष्ट्रपतींच्या आदेशाने हिंदू नसलेला माणूस अनुसूचित जातीचा मानला जाणार नाही असे ठरवले. १९५६ मध्ये शिखांचा समावेश झाला. बौद्धांना केंद्राच्या सवलतींसाठी १९९० पर्यंत, म्हणजे चौतीस वर्षे थांबावे लागले. एक पिढी नोकरीविना म्हातारी झाली, पण तिने बौद्ध हे नाव सोडले नाही. दलित ख्रिश्चनांना १९८५ साली सूसाई खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने सांगितले, की धर्मांतरानंतरही तुमचे हाल तेवढ्याच तीव्रतेचे आहेत हे आधी सिद्ध करा. २००७ साली रंगनाथ मिश्रा आयोगाने धर्माची अट काढावी असे सुचवले, आणि २०२२ साली माजी सरन्यायाधीश बालकृष्णन यांचा नवा आयोग नेमला गेला. जात माणसाबरोबर चर्चमध्ये जाते आणि सवलत मात्र दाराशी थांबते, याला न्याय म्हणता येत नाही. यावर आमच्याच काही मंडळींचे म्हणणे असे, की ते आले तर आमच्या ताटातले कमी होईल. चौतीस वर्षे आमच्याविषयी हेच बोलले जात होते, एवढे आम्ही त्यांच्या निदर्शनास आणू इच्छितो.

रमाबाईंच्या शेवटच्या वर्षांकडे वळू. त्यांना ऐकू येत नसे. मुक्ती सदनाचा व्याप वाढला होता. पंडितांनी वेद शिकू दिला नाही, तर बायबल तरी सामान्य बाईला समजेल अशा मराठीत असावे, म्हणून त्यांनी उतारवयात हिब्रू आणि ग्रीक शिकून घेतले आणि भाषांतर हाती घेतले. मिशनच्या मराठीवर संस्कृतचा बोजा फार, तो त्यांना नको होता. ज्या बाईला अख्खे देश संस्कृतसाठी ओळखत होते, तिनेच हे करावे! नवा करार १९१३ साली निघाला. जुन्या कराराचे काम दिवसरात्र चालू राहिले. नारायण वामन टिळक १८९५ साली ख्रिस्ती झाले तेव्हा लक्ष्मीबाई काही वर्षे दुरावल्या, पण शेवटी संसार परत जुळला. रमाबाईंचे दुरावलेले कोणी परतायचे शिल्लकच नव्हते. उरली होती एकटी मनोरमा. मुक्तीच्या शाळेची, हिशेबाची, आंधळ्या मुलींची सगळी जबाबदारी पेलणारी, आईचा कान झालेली ही मुलगी स्वतःचा संसार न मांडता राबली आणि जुलै १९२१ मध्ये चाळिसाव्या वर्षी गेली. आईच्या निर्णयाची किंमत मुलीनेही मोजली. तिला तर दोन वर्षांची असताना कोणी विचारलेही नव्हते. चरित्रकार या ठिकाणी भराभर पुढे जातात. आम्हाला तसे जमत नाही.

मुलीनंतर रमाबाई सुमारे साडेआठ महिने जगल्या. ५ एप्रिल १९२२ रोजी त्या गेल्या. महिन्याभराने, ६ मे रोजी, मुंबईत छत्रपती शाहू महाराज गेले. ज्यांनी १९१७ साली आपल्या संस्थानात विधवा पुनर्विवाहाला कायद्याचे पाठबळ दिले आणि १९२० साली माणगाव परिषदेत बाबासाहेबांना समाजाच्या स्वाधीन केले, ते राजर्षी. एकाच उन्हाळ्यात महाराष्ट्राची ही दोन माणसे गेली. रमाबाईंच्या भाषांतराचे संपूर्ण बायबल १९२४ साली केडगावच्या छापखान्यातून बाहेर पडले. त्याचे खिळे जुळवणाऱ्या, पाने छापणाऱ्या, बांधणी करणाऱ्या सगळ्या बायकाच होत्या. दुष्काळात रस्त्याच्या कडेला सापडलेल्या, नाना जातींच्या, आणि तिथे येईपर्यंत स्वतःचे नाव लिहिता न येणाऱ्या.